चाल कुणाची?

त्या बाईंनी कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी, बाहेर काढण्याआधी तिच्यावरचं फडकं उचललं, त्याची चौपदरी घडी घातली, घडी मांडीवर ठेवली आणि मग वाद्य त्या घडीवर टेकवलं. सगळं अगदी सावकाश, कुणाकडे न बघता. सुपाचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. आमचे अण्णा बाजाच्या पेटीवरचं फडकं असंच उचलायचे. घडीही अशीच घालायचे. गावातल्या विठ्ठलाच्या देवळात, एकादशीच्या रात्री, आधी कंदिलाच्या आणि पुढे ट्यूबलाइटच्या उजेडात. त्यांना जाऊन १९ वर्षं झाली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका पबमध्ये, भर दुपारी दीड वाजता, ते असे समोर येऊन बसले.

लिमरिकला माझी मुलगी आणि जावई राहतात. त्यांच्याकडे मी उन्हाळ्याचे तीन महिने गेले होते. माझ्यासारखे तिथे बरेच जण येतात. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी, कुणी नातवंडं सांभाळायला, कुणी पोरांनी आग्रह धरला म्हणून. मुलं कामावर गेली की आम्ही शॅनन नदीच्या काठाने फिरायला निघायचो. चालता चालता मराठी कानावर पडली की पाय आपोआप थांबायचे. अशी आमची अकरा जणांची ओळख झाली. नागपूरचे काका-काकू, ठाण्याच्या वहिनी, कोल्हापूरचे निवृत्त मास्तर, आणखी काही. जूनमधल्या एका रविवारी मुलांनीच ठरवून आम्हाला एका व्हॅनमध्ये बसवलं आणि क्लेअर काउंटीत जेवायला पाठवलं.

एनिस, एनिस्टायमन, लाहिंच असं करत आम्ही आधी मोहरच्या कड्यांवर गेलो. २१४ मीटर उंचीचा सरळसोट खडक, तोही जवळजवळ १४ किलोमीटर पसरलेला. कोकणकडा पाहिलेल्या माणसाला कड्याचं भय नवीन नाही. पण इथे खाली दरी नाही, अटलांटिक आहे, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. गारठून, भुकेजून आम्ही डूलिनला उतरलो. डूलिनला गाव म्हणायचं ते चार-दोन ठिकाणी विखुरलेल्या घरांमुळे. एक धक्का, तिथून अरन बेटांकडे जाणाऱ्या होड्या, दगडी कुंपणांची कुरणं, आणि मोजके पब. मात्र आयरिश संगीत वाजवणारा जगातला कुठलाही माणूस या एवढ्याशा वस्तीचं नाव ओळखतो.

आमच्या आरक्षणाच्या कागदावर ‘पारंपरिक केल्टिक संगीतासह भोजन’ असं छापलं होतं. तिथे मात्र तो शब्द मला कुणाच्याच तोंडी ऐकू आला नाही. वाजवणारे आपल्या संगीताला ‘ट्रॅड’ म्हणतात, आणि एकत्र बसून वाजवण्याला ‘सेशन’. केल्टिक हे मुळात भाषाकुळाचं नाव. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेतॉन या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, हे एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने १७०७ साली मांडलं. त्यावरून संगीतालाही तेच नाव लावणं म्हणजे यक्षगान, नादस्वरम् आणि चेंडा मेळम यांना मिळून ‘द्राविडी संगीत’ म्हणण्यासारखं आहे. नातं खोटं नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोरियाँ शहरात १९७१ पासून दर उन्हाळ्यात या सगळ्या मुलखांतले वादक जमतात आणि एकमेकांत सहज मिसळतात. पण डूलिनच्या माणसाला आपल्या चालीचं गाव सांगायचं असतं, घर सांगायचं असतं. कुळापर्यंत जायची त्याला गरज पडत नाही.

जेवण साधं आणि गरम. मासे खाणाऱ्यांना चाउडर, म्हणजे शिंपले, सामन आणि धुरवलेल्या हॅडॉकचं सायीतलं दाट सूप. आम्हा शाकाहारी मंडळींना लीक, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, आणि बटाटा यांचं सूप. दोन्हींबरोबर तपकिरी सोडा-ब्रेडचे जाड काप आणि खारं लोणी. हा ब्रेड मला फार आवडला. यात यीस्ट नसतं. इथला गहू मऊ, त्याच्या कणकेला चिवटपणा कमी, यीस्टने तो नीट फुगत नाही. म्हणून जाडसर पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पीठ उमलतं. मळायचं जवळजवळ नाहीच. वर सुरीने फुलीचा छेद द्यायचा आणि भट्टीत सारायचं. तुकडा मोडला की आत ओलसर, बाहेर खरखरीत, आणि वास थेट ताकाच्या कढीच्या जवळचा. ठाण्याच्या वहिनींनी तीन काप खाल्ले आणि चौथा रुमालात गुंडाळून नातवासाठी घेतला. चहाही आपल्यासारखा, कडक आणि दूध घातलेला.

आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर वाढणारा तरुण लगेच म्हणाला, “म्हणजे वराडकरांचे गाववाले!” २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. आमच्यातलं कुणीही मालवणचं नव्हतं, तरी सगळ्यांनी आनंदाने मान हलवली.

आणि मग काहीही न सांगता संगीत सुरू झालं. मंच नव्हता, माईक नव्हता. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती पाच जण बसले होते. कॉन्सर्टिनावाल्या बाई, पंचाहत्तरीच्या. लाकडी फ्लूट घेतलेले एक गृहस्थ. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, घेतलेल्या दोन मुली, बहुधा विशीतल्या. आणि बाउरॉन, म्हणजे डफासारखं एक वाद्य, मांडीवर उभं धरलेला एक तरुण. त्यांची तोंडं एकमेकांकडे होती, आमच्याकडे त्यातल्या तिघांची पाठ. आपल्याकडे कार्यक्रमाला गेलेल्या माणसाला हे आधी खटकतं. मला खटकलं नाही. भजनाला बसलेली माणसंही अशीच समोरासमोर दोन रांगा करून बसतात, मध्ये विणेकरी. ऐकणारा येतो, बसतो, डुलतो, पण भजन त्याच्यासाठी चाललेलं नसतं. आमच्यासाठीही तिथे काही चाललं नव्हतं. आम्हाला बसू दिलं होतं, एवढंच, आणि त्या ‘बसू दिलं’मध्ये मला मोठा मान वाटला.

पहिल्याने जिग वाजली. जिग सहाची, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या वजनाची. पण दादरा डुलतो, ही पायाखालून पळते. नंतर रील, ती चार-चारची. ती ऐकताना माझा अंगठा आपोआप धुमाळीच्या आठ मात्रा मोजू लागला. प्रत्येक चालीचे दोन भाग. पहिला भाग दोनदा, दुसरा, बहुतेकदा वरच्या सुरांतला, दोनदा. आपलं धृपद आणि अंतरा म्हणा. अशी सगळी चाल दोन-तीनदा फिरली की न थांबता दुसरी चाल सुरू. ती बदलायचा क्षण फार सुंदर असतो. कुणी खूण करत नाही. बाईंनी फक्त भुवई वर उचलली, आणि पाचही जण एका श्वासात नव्या चालीत शिरले. कोपऱ्यातून कुणीतरी ‘हप्!’ असा हाकारा दिला. आपल्याकडे याच जागी टाळकरी उडी मारतात.

कुणाच्याही समोर कागद नव्हता. सगळे एकच चाल वाजवत होते, आणि तरी कुणाचंच दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाच सुरावर एकीने आधी वरच्या सुराचा कण लावला, दुसरीने त्याच सुराभोवती छोटासा वेढा घेतला. ते याला ‘कट’ आणि ‘रोल’ म्हणतात. आमच्या मास्तरांनी माझ्या कानाशी म्हटलं, “मुरकी आहे की हो ही.”

आमच्यातल्या एका काकांनी तालावर टाळ्या धरल्या. कौतुकानेच धरल्या. पण टाळी किंचित मागे पडत होती, आणि खोलीत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच झाला. वाजवणारे काही बोलले नाहीत. बाउरॉनवाल्या मुलाने मान खाली घालून डोळे मिटले आणि कान वाद्याच्या आणखी जवळ नेला. ते पाहून काकूंनी काकांच्या हातावर हात ठेवला. मग ते शेवटपर्यंत हात जोडून बसले, आणि नंतर मला म्हणाले की आयुष्यात इतकं शांत बसून त्यांनी कधी काही ऐकलं नव्हतं.

हे बाउरॉन म्हणजे आपला डफच. लाकडी कडं, वर बकऱ्याचं कातडं. वाजवायला हातभर नव्हे, वीतभर लांबीची दोन्ही टोकांनी मारायची काठी. दुसरा हात मागून कातड्यावर सरकत असतो, त्याने आवाज जाड-बारीक होतो. मध्येच त्या मुलाने खिशातून पाणी फवारायची छोटी बाटली काढून कातडं ओलं केलं. खोलीतल्या उबेने ते ताणलं गेलं होतं. आमच्या गावात हलगीवाले पालापाचोळा पेटवून हलगी शेकतात, कातडं चढावं म्हणून. इथे उतरावं म्हणून पाणी. त्याला मी हे सांगितलं तर त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, किती वेळ शेकता, किती जवळ धरता, जळत नाही का.

पण मला बोलायचं होतं ते कॉन्सर्टिनाबद्दल. षटकोनी, दोन्ही तळव्यांत मावणारी, मध्ये भाता. ती आणि आपली पेटी चुलत बहिणी आहेत. दोन्हींत धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे आपण ज्यांना स्वर म्हणतो ते, हवेने थरथरतात. कॉन्सर्टिना लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांची, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ साली घेतलं. एक क्लेअरच्या स्वयंपाकघरांत पोचली, दुसरी आमच्या देवळात. बाईंची कॉन्सर्टिना अँग्लो जातीची होती. तिच्यात एकच बटण दाबून भाता मिटला तर एक सूर आणि उघडला तर दुसरा. त्यामुळे चालीला सतत श्वास लागल्यासारखा होतो. क्लेअरमध्ये हे वाद्य पूर्वीपासून बायकांच्या हातात राहिलं आहे. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी, जन्म १८८५, नवऱ्याबरोबर पब चालवायच्या आणि कॉन्सर्टिना वाजवायच्या. १९५० च्या दशकात त्यांचं वादन रेडिओवर गेलं आणि देशभर त्यांचं नाव झालं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा हात नकळत वाद्यावरून फिरत होता.

दोन चाली संपल्या की त्या चहाचा घोट घ्यायच्या आणि शेजारच्या मुलीला सांगायच्या, “ही मला आमच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बाईंकडून मिळाली. त्यांना त्यांच्या मावशीकडून.” दर वेळी असंच. ‘शिकले’ नाही, ‘मिळाली’. भिंतीवर मिको रसेल यांचा फोटो होता. डूलिनचेच शेतकरी, टिनची शिट्टी वाजवायचे, जन्म १९१५, १९९४ मध्ये अपघातात गेले. त्यांचे दोघे भाऊ, पॅकी आणि गसी, हेही वादक. मिको परदेशात जाऊनही वाजवायचे, पण चालीआधी ती कुणाकडून आली याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. ज्या चालीचं नाव हरवलं तिला आयरिशमध्ये ‘गन आनिम’ म्हणतात, बिननावाची. नाव गेलं तरी कुणाकडून मिळाली ते बहुधा लक्षात असतं.

आमच्याकडे भजनात नवी चाल कानावर आली की पहिला प्रश्न हाच. चाल कुणाची? अण्णांची वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली. त्यात १४० अभंग आणि गवळणी आहेत, बोरूसारख्या ठसठशीत अक्षरात. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक शब्द: ‘चाल फलटणची’, ‘चाल काकांची’, ‘चाल औंधची’. शब्द सगळे शाबूत. चाल कुठेच नाही. अण्णांना लिहायची गरज नव्हती, औंधची म्हटलं की बोटं आपोआप पट्ट्यांवर जायची. मी त्यांची थोरली मुलगी. लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून झोपायचे, कानात तेच. पुढे शिक्षण, नोकरी, पुणं. चाल ही मागून घ्यायची गोष्ट आहे, हे मला कधी कळलंच नाही. हे मी आज फार दुःखाने लिहिते आहे.

चहाच्या वेळी फ्लूटवाले गृहस्थ आमच्या टेबलाशी येऊन बसले. मी विचारलं, पबमध्ये वाजवायची पद्धत किती जुनी? ते म्हणाले, “तुम्हाला वाटते तेवढी नाही. माझ्या आजोबांनी पबमध्ये कधी वाजवलं नाही. ते स्वयंपाकघरात वाजवायचे.” घराघरांत रात्री माणसं जमायची, फरशीवर नाच व्हायचा. १९३५ साली सरकारने कायदा केला, सार्वजनिक नाचाला परवाना हवा. कायदा नाचघरांचा, पण पाद्री आणि पोलीस यांनी तो घरांतल्या नाचांवरही चालवला. क्लेअरचे फिडलवादक ज्युनियर क्रेहन, १९०८ ते १९९८, म्हातारपणीही या कायद्याबद्दल कळवळून बोलायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत घरातली मैफल बंद पडली आणि वादकांना बसायला जागा उरली नाही. त्यात पोटापाण्यासाठी माणसं निघून चाललेली. पबमधलं सेशन आकाराला आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, लंडनला मजुरीसाठी गेलेल्या आयरिश माणसांत. भाड्याच्या खोलीत वाजवता येत नाही, शेजारी ओरडतात, म्हणून पब. तिथून ते मायदेशी परतलं. इथे १९५१ मध्ये वादकांनी आपली संघटना काढली, त्याच वर्षी मुलिंगारला पहिला मोठा मेळा भरवला. मिल्टाउन मॅलबेला, इथून जवळच, इलन पाइप्स, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायची आयरिश बॅगपाइप, वाजवणारे विली क्लॅन्सी १९७३ मध्ये गेले. त्याच वर्षापासून दर जुलैमध्ये त्यांच्या नावाने तिथे आठवडाभर शाळा भरते, आणि शिकायला देशोदेशींची माणसं येतात.

मग ते अमेरिकन वेकबद्दल बोलले. वेक म्हणजे मयताच्या घरी रात्र जागवणं. मोठा दुष्काळ १८४५ ते १८५२. बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. त्यानंतरही कित्येक दशकं जहाजं भरून जातच राहिली. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघायची त्याच्या आदल्या रात्री घरात शेजारपाजार जमायचा. खाणं, वाजवणं, नाच, मध्येच बायकांचं आक्रंदन. पहाटे पोराला वेशीपर्यंत पोचवायचं. परत येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून जिवंत माणसाची वेक.

आमच्या टेबलावर कुणीच बोललं नाही. अकराही जणांची मुलं परदेशात. बऱ्याच वेळाने नागपूरच्या काकू म्हणाल्या, “आम्ही विमानतळावर औक्षण केलं होतं याचं. निघताना हातावर दही दिलं.” आणि त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला. फ्लूटवाल्यांना मराठी कळली नाही. त्यांनी काकूंच्या बशीत ब्रेडचा आणखी एक काप ठेवला आणि ते उठून वाजवायला गेले. त्यांनी जे वाजवलं त्याला ताल नव्हता. स्लो एअर म्हणतात, गाण्याची चाल शब्दांशिवाय, आलापीसारखी. लाकडातून निघालेला तो भरड, श्वासाचा आवाज. खोलीतल्या पेल्यांची किणकिण थांबली.

दुष्काळाने चालीही नेल्या. जॉर्ज पेट्री हे चालींचे संग्राहक. १८५५ साली त्यांनी आपला संग्रह छापला तेव्हा प्रस्तावनेत लिहिलं की गाणारा मुलूख मुका झाला आहे. आणि तरी त्या जहाजांतून किती गेलं, ते फ्रान्सिस ओनील यांच्या आयुष्यावरून दिसतं. १८४८ मध्ये, ऐन दुष्काळात, पश्चिम कॉर्कमध्ये जन्म. पोरवयात जहाजावर चढले, जग फिरले, शिकागोच्या पोलिसांत भरती झाले आणि १९०१ ला तिथले पोलीसप्रमुख बनले. लहानपणी घरी आणि शेजारी ऐकलेल्या चाली त्यांच्या कानात होत्या, पण स्वरलेखन येत नव्हतं. त्यांच्या हाताखालचे पोलीस जेम्स ओनील यांना ते येत होतं. आडनाव एक, नातं काही नाही. एकाने वाजवायचं, गुणगुणायचं, दुसऱ्याने लिहायचं. शहरात नवा आयरिश मजूर उतरला की त्याच्याकडची चाल विचारून घ्यायची. १९०३ मध्ये त्यांनी १,८५० चालींचा संग्रह छापला, आणि तो समुद्र ओलांडून परत आयर्लंडच्या घराघरांत गेला. लिमरिकला परतल्यावर मी हे वाचलं, आणि दोन पोलीस दिवसभराची ड्यूटी संपवून रात्री दिव्याखाली समोरासमोर बसलेत हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

त्या दुपारी सगळ्यांत जास्त वेळ मी पाहत राहिले ते मात्र वेगळंच. पाच जण वाजवत असताना दहा-अकरा वर्षांची एक मुलगी टिनची शिट्टी घेऊन बाईंच्या मागे स्टुलावर येऊन बसली होती. शिट्टीला सहा भोकं, आपल्या बासरीसारखी. ती ओठाला लावून नुसती बोटं हलवत होती, फुंकत नव्हती. मध्यंतरात बाईंनी तिच्याकडे वळून चालीचा एक छोटा तुकडा वाजवला. मुलीने फुंकला. पुन्हा तोच तुकडा. मुलीचा शेवटचा सूर चुकला. बाईंनी ‘चुकलं’ म्हटलं नाही, तोच तुकडा तिसऱ्यांदा वाजवला, शेवटच्या सुरावर किंचित जास्त थांबून. या वेळी बरोबर आलं. मग पुढचा तुकडा. मग दोन्ही जोडून. पाच-सात मिनिटांत अर्धी चाल मुलीच्या हातात होती. बाईंनी तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. त्या चाल कुणाची ते सांगत होत्या. मुलीने ते नाव, चाल म्हणून दाखवावी तसं, मोठ्याने म्हणून दाखवलं.

मी न राहवून बाईंना अण्णांच्या पेटीबद्दल सांगितलं, फडक्याच्या घडीबद्दलही. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. पुढचा सेट झाल्यावर त्यांनी डोळे मिटून एक गाणं म्हटलं. आयरिश भाषेत, साथीशिवाय, शॉन-नोस नावाच्या जुन्या धाटणीचं. शेवटची ओळ त्या गायल्या नाहीत, नुसती बोलल्या. लोकांनी ‘शाबास’ या अर्थाचं काहीतरी दबक्या आवाजात म्हटलं. तिथे रीत अशी की ज्याने गायलं त्याने पुढचा गाणारा सांगायचा. त्याला नोबल कॉल म्हणतात, आणि तो सहसा मोडत नाहीत. बाईंनी माझ्याकडे हात केला. “तुमच्या वडिलांची एखादी चाल.”

खोली वळून माझ्याकडे पाहू लागली. माझ्या मनात औंधचीच चाल आली. धृपदाची पहिली ओळ स्वच्छ आली, अगदी अण्णांच्या खाकरण्यासकट. दुसरी ओळ आली नाही. मी मान हलवली आणि म्हटलं, मला येत नाही. बाई काही म्हणाल्या नाहीत. मोडलेला कॉल उचलला तो कोल्हापूरच्या मास्तरांनी. उभे राहिले, डावा हात कानाशी नेला आणि पोवाड्याचा एक चौक म्हटला, पूर्ण गळा मोकळा सोडून. तिसऱ्या-चौथ्या ओळीला बाउरॉनवाला मुलगा हळूच त्यांच्या मागे लागला. ‘जी जी’ला आम्ही सगळ्यांनी साथ दिली. त्यांचा आवाज फाटला होता, पण तिथे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लोक टेबलं वाजवत होते.

परतीच्या वाटेवर रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड होता. व्हॅनमध्ये सगळे मास्तरांना आणखी म्हणायचा आग्रह करत होते. मी खिडकीशी बसून ती एकच ओळ मनात फिरवत होते. ओळीच्या टोकाला गेलं की पुढे काही नाही, कड्याच्या टोकासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गावी फोन लावला. तिकडे साडेअकरा. तात्या अण्णांच्या मंडळातले शेवटचे टाळकरी, आता ८४ वर्षांचे. नातसुनेने फोन त्यांच्या कानाला धरला.

“कोण? अण्णांची थोरली व्हय?”

“व्हय तात्या. मला एक विचारायचंय. अण्णांच्या वहीत ‘चाल औंधची’ लिहिलंय. ती कोणती?”

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मला वाटलं, फोन कट झाला. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हटली. पहिली ओळ, दुसरी ओळ, अंतरा. मध्ये खोकला आला, पाणी पिऊन परत सुरुवातीपासून म्हटली. आवाज कापत होता, सूर ढळला नाही.

“औंधची म्हंजी बुवांची न्हवं,” ते म्हणाले. “यमाईच्या यात्रंला एक कल्हईवाला बसायचा. भाता हलवता हलवता म्हणायचा. तुज्या बानं तीन दिस त्येच्याम्होरं बसून उचलली. मी बी हुतो संगं. आता तू म्हण.”

मी मुलीच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हटली.

“दुसऱ्या वळीला खाली आलीस,” तात्या म्हणाले. “थितं वर जायचं. परत म्हण.”